अक्काचा अंगठा

राधाअक्कांनी उजवा हात पदरात घट्ट धरला होता. शिरपूरच्या जिनिंग मिलमध्ये कापूस निवडायला येणारी ही म्हातारी सोडून बाकी सगळ्यांचे ठसे घेऊन झाले होते.

"अक्का, शेठनी परवानगी दिलीय," मी म्हणालो.

त्यांनी मिलमालक शेठकडे पाहिलं आणि मुकाट्याने हात पुढे केला.

जिनिंगची मोटर चोरीला गेली होती. फोडलेल्या खिडकीच्या काचेवर एक ठसा मिळाला होता. घटनास्थळी असा जो ठसा सापडतो त्याला आम्ही पोलीस ठसेतज्ज्ञ चान्स प्रिंट म्हणतो. तो कोणाचा हे ठरवायला तिथे वावरणाऱ्या सगळ्यांची बोटं शाई लावून कागदावर घ्यावी लागतात. त्या कागदाला स्लिप म्हणतात. काम संपलं की स्लिपा नष्ट करायच्या. हे मी त्या दिवशी कोणालाच सांगितलं नाही.

धुळ्याला ऑफिसात भिंगाखाली जुळणी केली. ठसा वॉचमनचा निघाला, मोटरही सापडली. आठवड्याने जबाबासाठी पुन्हा शिरपूरला गेलो. बरोबर आमचा फोटोग्राफर देसले होता. तो गेल्या महिन्यात वारला, म्हणून हे लिहून ठेवतोय.

शेठ म्हणाले, "साहेब, स्लिपा माझ्याकडेच राहू द्या. पुढच्या चोरीला बोटं तयार!"

"शेठ, तुमचीपण घेतलीय," देसले म्हणाला. "ती पहिल्या नंबरला लावू?"

शेठ हसले नाहीत. "वर बोलतो मी," म्हणाले.

तेवढ्यात राधाअक्का दारात आल्या. "भाऊ, मना अंगठा माले परत दे. दीरनी असाच अंगठा लिधा व्हता. वावर गयं मनं."

तेव्हा मला कळलं, दिराने अंगठा घेऊन शेत लाटलेली ही बाई आठवडाभर झोपली नसणार. स्लिपवर जमिनीचं काही नाही, हे मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण हात पुढेच ठेवला.

मी बॅगेतून त्यांची स्लिप काढून दिली.

"हाऊ मनाच शे कशावरून?"

तो त्यांचाच कशावरून, हा प्रश्न बरोबर होता. देसलेने भिंग त्यांच्या हातात दिलं. विळ्याच्या जुन्या व्रणाची पांढरी रेघ अंगठ्यावर होती, तशीच कागदावर. त्यांनी तीनदा ताडून पाहिली. मग स्लिपचे बारीक तुकडे केले आणि कनवटीला लावले. वॉचमनची पुराव्याला ठेवून बाकीच्या स्लिपा मी पंचांसमोर जाळल्या, शेठचीही.

शेठ खरंच वर बोलले. मला मेमो आला, उत्तर दिलं, प्रकरण तिथेच मिटलं.

मालकाची परवानगी ही मजुराची परवानगी नसते. आमच्या खात्याच्या परीक्षेत हा प्रश्न कधी आला नाही.