दुसरा कप अर्ध्या तासानं

सुमनचा फोन आला तेव्हा मी नौपाड्यातल्या घरी दुर्बिणीच्या काचा पुसत होतो. महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे पक्षी मोजायचा दिवस. "दादा, आज तळ्यावर नका जाऊ... घरीच या. बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. मी घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजून दहा मिनिटं. कशासाठी पाहिलं, सांगता येत नाही. त्याला आता पाच आठवडे झाले.

सुमनचे बाबा म्हणजे जनार्दनकाका, डोंबिवलीचे, खाडीकाठच्या जुन्या गावातले. काकांचे वडील मिठागरात राबले, काकांचा जन्म बागकामात गेला. माझी त्यांची ओळख सात वर्षांची. आमच्याकडच्या एका शाळेत रविवारचा वर्ग निघाला होता, 'वन्यजीव व्यवस्थापन आणि संवर्धन : ओळख'. मी कारखान्यात मालाची तपासणी करणारा माणूस, पण एखादी जागा किती जीव पोसू शकते याचंही गणित असतं, असं तिथले सर म्हणाले आणि मी अडकलो. चौथ्या रविवारी सगळ्यांना डोंबिवलीमागच्या तळ्यावर नेलं. तिथं काका उभे होते. गळ्यात दुर्बीण, हातात थर्मास. कुणीतरी विचारलं, "काका, व्यवस्थापन म्हणजे नेमकं करायचं काय?" काका म्हणाले, "पक्षी आपापलं बघतात. भरावाचा डंपर कुठं वळतो, ते आपण बघायचं."

त्यानंतर दर महिन्याला मी त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. तळ्यावर धुकं असायचं, पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळायचं नाही, आणि त्या पांढऱ्यातून हळदीकुंकू बदकं एकेक करून उमटत यायची. मी मोजायचो, काका बघायचे. बायको म्हणायची, "आपल्या लग्नात पंगतीला पानं किती, ते विचारलं तर सांगता आलं नव्हतं तुम्हाला. आता बदकं मोजताय." काकांचा नियम एकच होता. पोचल्यावर थर्मासमधून एक कप चहा, दुसरा कप अर्ध्या तासानं. दुसरा कप ओतेपर्यंत मोजणीच्या तक्त्यात कुठल्याही पक्ष्यासमोर शून्य लिहायचं नाही. "दिसला तर लगेच लिहा, तपासनीस. नाही दिसला, हे लिहायला वेळ द्यावा लागतो." मला तपासनीस म्हणायचे ते, आणि त्यात थोडी चेष्टा असायची.

मी तो नियम मोडला. पूर्वेच्या काठाला पाणकणसांची दाटी आहे, तिथं पाणलावा राहतो. डोळ्याभोवती चष्म्यासारखा पट्टा असलेला, लाजरा, हलला नाही तर दोन हातांवरूनही न दिसणारा पक्षी. ओळखीच्या दुसऱ्या हिवाळ्यात काकांचे गुडघे धरले होते, म्हणून तो काठ माझ्याकडे आला. मला मोठा थवा अचूक मोजायची हौस. पूर्व काठावर पाच मिनिटं उभा राहायचो आणि शून्य लिहून परतायचो. असे तीन महिने. तक्ता मात्र सुबक, एकही खाडाखोड नाही. मग तळ्याचा एक काठ भरून गाड्यांसाठी जागा करायचं घाटू लागलं. पालिकेतल्या बैठकीला आम्हाला बोलावलं. तिथल्या साहेबांनी माझाच तक्ता पुढे सरकवला. "तुमच्याच आकड्यांवरून बोलतो. पूर्वेला काहीच नाही. मग तोच काठ घेऊ."

काका गुडघ्यावर हात टेकून उठले. "साहेब, ते शून्य चुकलंय. बघितल्याशिवाय लिहिलंय. चूक माझी आहे, काठ माझ्याकडे होता." आठ दिवस द्या, म्हणाले. साहेबांनी दिले.

बाहेर आल्यावर मी काही बोलायला गेलो, तर म्हणाले, "उद्या साडेपाचला या. साखर कमी सांगू का चहात?"

पहिले सात दिवस काही दिसलं नाही. माझ्या खांद्याचा आधार घेत तिथवर आलेले काका दगडावर, मी शेजारी. एक कप, मग अर्धा तास, मग दुसरा कप. त्या अर्ध्या तासात काय असतं ते मला तेव्हा कळलं... कणसांवरचं दव खाली ठिबकतं, पाण्याखालून बुडबुडा येतो, आपल्याच श्वासाला आपण दचकतो. मोजण्यासारखं काही नसतं आणि तरी ती जागा भरलेली असते. आठव्या सकाळी पाणकणसं जरा बाजूला झाली आणि चष्मेवाला नर बाहेर आला. मागे चार पिल्लं. या पक्ष्यात अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं बापाकडे. काका हळूच म्हणाले, "लिहा." पिल्लांवरची नजर न काढताच मी लिहिलं, तक्त्यातला तो चारचा आकडा आजही वाकडा आहे. अर्धा काठ वाचला. अर्धा गेला, तेही लिहिलं पाहिजे. माझी चूक माझ्या नावावर घ्यायची मात्र राहून गेली. त्यानंतर किती रविवार आले असतील... मी बोललो नाही, त्यांनी विचारलं नाही.

गेल्या रविवारी सुमनकडे गेलो आणि तिला सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "बाबांना गुडघ्यामुळे त्या काठापर्यंत चालवत नव्हतं, हे बैठकीतल्या सगळ्यांना दिसत होतं, दादा." मग तिनं थर्मास भरून दिला आणि तक्त्यांची वही हातात ठेवली.

पूर्व काठावर एकटाच बसलो. शेजारचा दगड रिकामा. पहिला कप घेतला. धुकं आलं, गेलं. लांब पायांच्या शेकाट्या आल्या, मोजल्या, लिहिल्या. पाणलावा दिसला नाही, त्याच्यासमोरचा रकाना कोराच ठेवला. ऊन मानेवर आलं तेव्हा उठलो.

परत गेल्यावर सुमननं थर्मास हातात घेऊन हलवून पाहिला. "एवढा चहा तसाच? किती वेळ होतात?"

"दोन तास."

"मग दुसरा कप?"

"अर्धा तास व्हायचाय अजून," मी म्हटलं.