मुख्तार मास्तरांची न वाचायची अक्षरं

मुख्तार मास्तर शब्द कधीच पुरा करत नसत. वडीगोद्रीच्या आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवत, मी गणित. मोकळ्या तासाला बोरूचं टोक तिरकं कापून ते कागदावर उर्दूचं एकच अक्षर गिरवत बसत. घरी तेच अक्षर रुंद ब्रशनं कॅनव्हासवर हातभर मोठं होई. त्यावर दुसरं चढे, तिसरं चढे, आणि शेवटी नुसते काळे-निळे फटकारे उरत.

"मास्तर, लिहिलंय काय?" मी एकदा विचारलं.

"काहीच न्हाई, सर. शब्द झाला की लोक वाचून मोकळे होतात. बघत कुणी न्हाई. अन् त्यात अल्लाचं पाक नाव आलं की मंग त्याचा अदब आला, कुराणातल्या आयतीसारखं जपणं आलं. मला चित्र करायचंय."

एकदा संभाजीनगरच्या एका चित्रविक्रेत्यानं त्यांना सांगितलं, याच रंगात आयत लिहून द्या, हातोहात खपेल. मास्तर चित्रं काखेत मारून पुढच्या एसटीनं परत आले. आमच्याकडे तरी कुठे कदर होती? मीच त्यांना 'अर्धे मास्तर' म्हणून चिडवायचो. ते हसायचे. "बिलकुल बराबर. अर्धंच जमलं." निवृत्तीपर्यंत एक चित्र विकलं गेलं नाही. चाळीस वर्षांचं काम दोन लोखंडी पेट्यांत गुंडाळलेलं होतं. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही.

छातीत दुखायला लागलं तेव्हा ते मला म्हणाले, "सर, माझ्यामागं ही अक्षरं बघून घरचे घाबरतील. त्यांना तेवढं सांगा, हे चित्रं हायेत. बस."

"सांगतो की! त्यात काय?" मी म्हणालो.

ते गेले. तिसऱ्या दिवशी मी घरी गेलो, तर थोरले भाऊ रहीमभाई पेट्या उघडून बसले होते. पाच वेळचे नमाजी, अतिशय प्रेमळ माणूस. घर नातेवाइकांनी भरलेलं.

"सर, तुम्ही त्याच्याजवळ बसत होते. इथं अलिफ दिसून राह्यला, इथं लाम. ह्यात अल्लाचं नाव तर न्हाई ना? आमाला काहीच समजून न्हाई राह्यलं."

सगळे माझ्याकडे बघू लागले. ही नुसती चित्रं आहेत, हे मला माहीत होतं. पण त्या घरात, त्या प्रश्नावर, मी कोण सांगणार? आणि चुकून एखाद्या कोपऱ्यात असलंच तर?

"मला वाचता येत नाही," मी म्हणालो.

मग त्यांनी जीर्ण कुराणाचं करतात तसंच केलं. नमाजाआधी धुतात तसे हात-तोंड-पाय धुऊन, वजू करून एकेक चित्र पांढऱ्या कोऱ्या कापडात बांधलं, आत दगड ठेवले आणि शहागडला नेऊन गोदावरीच्या खोल पाण्यात सोडलं. एकही मागे ठेवलं नाही. रहीमभाई हुंदके देत होते. परतताना त्यांनी माझा हात धरला.

"सर, खरं बोलले तुम्ही, लई बरं झालं. न्हाई तर आमच्या हातून बेअदबी झाली असती."

खरंच बोललो होतो मी. मला ती लिपी वाचता येत नाही. पण मास्तरांनी मला वाचायला सांगितलंच कधी होतं?