इन्फ्लुएन्शिअल घराणं

आता काय सांगू तुम्हाला! सोनाळ्यात एक होती शांताबाई, म्हणजे मीच. तिची एक नात होती प्रणिता, कॉलेजात शिकणारी. अन् त्या नातीची जमत आलेली सोयरीक आजीनं जवळजवळ मोडलीच होती!

मुलगा देऊळगाव राजाचा, प्रणितानं स्वतः पसंत केलेला. त्याचे आईबाप घर पाहायला येणार होते. आदल्या दिवशी ही मोठ्यानं वाचून अभ्यास करत होती. एक शब्द आला, इन्फ्लुएन्शिअल. मला राहवतं का?

"म्हणजे काय वं?"

"ज्याचा दुसऱ्याच्या मनावर, वागण्यावर लई प्रभाव पडते, तो."

"मंग भाजीतलं मीठ?"

"मिठाले कुठं लावतेत आजी! माणसाले लावतेत. पुस्तकाले, भाषणाले बी लावतेत."

"अन् तुह्या मोबाइलले?"

"हाव, त्याले चालते!" ती हसली.

शब्द मला असा आवडला म्हणता! आता सोयरीक म्हटली की पाहुणे आधी गावात चौकशी करणारच. घर कसं, माणसं कशी. मी सकाळीच निघाले. गिरणीवाला, चहावाला, किराणावाला, साऱ्यांकडून शब्द घोकून घेतला. "आमचं कोणी विचारलं तर एवढंच सांगा, घराणं इन्फ्लुएन्शिअल हाय!"

साऱ्यांनी सांगितलं. किराणावाल्यानं तर न विचारताच सांगितलं!

पाहुणे दारात आले ते घाबरूनच. मुलाचा बाप चप्पल काढेना.

"आजीबाई, साऱ्या गावाच्या तोंडी एकच शब्द! एवढा दरारा आम्हाला झेपायचा नाही. उद्या सुनेला काही बोललो, तर अख्खं गाव आमच्या दारात."

"अहो, बसा तर! चहा घ्या!"

कशाचं बसतात? वळलेसुद्धा! प्रणिताचा चेहरा उतरला.

तीच धावली. "काका, तो शब्द आजीनं शिकवला गावाले. कालपर्यंत तिलेच माहीत नव्हता! दरारा कसला? घरातला बोकड बी ऐकत नाही तिचं!"

मुलाच्या आईनं हसू दाबायला पदर तोंडाला लावला. "चला हो आत. आपल्या घरी तरी कोण कोणाचं ऐकतं?"

चहा झाला, सोयरीक जमली, लग्न थाटात लागलं. नात सुखानं नांदते आहे.

लग्नात गिरणीवाला वाढायला होता. "या, इन्फ्लुएन्शिअल आजी!"

मी ताठ होऊन म्हटलं, "बाप्पा, मले पहिल्या पंगतीत बसव."

त्यानं बसवलं. तिसऱ्या पंगतीत!