पाहुण्याचा पाट

गुडघ्यावर हात टेकून उठू पाहणारा माणूस आज मी डोळे भरून पाहिला. आईच्या संधिवातासाठी एक संस्था दरवर्षी पैसे देते. ते कशावर खर्चायचे हे आईनेच ठरवायचं. तो खर्च योग्य होता का, हे तपासायला संस्थेचे हे साहेब येतात. गेल्या वर्षी तिच्या उंच खुर्चीवर त्यांनी 'चैन' असा शेरा मारला आणि खुर्ची दुकानात परत गेली.

आज मी त्यांना पाहुण्याच्या मानाने पाटावर बसवून पोहे दिले. दुखणंही शेवटी प्रत्येकाच्या घरी तपासणीला येतंच.

"धरायला एखादी खुर्ची आहे का?" पोहे संपवून उठू पाहत त्यांनी विचारलं.

"अरे, हात दे त्यांना," आतून आई म्हणाली.

"चैन परवडत नाही, साहेब," मी म्हणालो. ते पुन्हा खाली बसले. मी आणखी पोहे वाढले.