ताउनोचं यकृत आणि सहा घरची कॉफी

माझा नवरा ताउनो धुराडी साफ करतो. तीस वर्षं लोकांच्या धुराड्यांतली काजळी खरवडायची आणि त्याच छपरावर बसून सिगारेटने स्वतःच्या छातीत नवी भरायची, असा त्याचा न्याय. गेल्या फेब्रुवारीत खोकून खोकून तो काळानिळा झाला तेव्हा मी बजावलं, "ताउनो, सिगारेट तरी नाहीतर ही तुझी हेल्वी तरी." त्याने विचार करायला अख्खे दोन दिवस घेतले आणि मग माझ्यावर उपकार केले.

सिगारेट सुटली आणि आठवड्याभरात हात थरथरायला लागले. छातीत धडधड, डोळ्याला डोळा नाही. शिडीला हात लावला की शिडीच खडखडायची. छपरावरच्या माणसाला हे परवडत नाही. आमच्या आलायार्वी गावात प्रत्येक घरी एक वैद्य असतो, आणि सगळ्यांचं औषध एकच: "शरीर मागतंय रे तुझं. ओढ एखादी!" असं म्हणायचं आणि त्याचा कप पुन्हा भरायचा.

कारण धुराडीवाल्याला कॉफीविना पाठवणं ही घराची लाज, आणि त्याने नको म्हणणं हा घराचा अपमान. एक कप घेऊन उठणंही अर्धा अपमानच. दिवसाला सहा घरं, घरटी दोन कप, झाले बारा. मी करते ते दोन कोण धरतंय? बायकोचं काही मोजायची पद्धत नाही.

एप्रिलच्या शेवटी ताउनोने जाहीर केलं, "सोमवारपर्यंत हात थांबले नाहीत, तर सिगारेट सुरू. छप्पर सोडून मी करू काय, स्वेटर विणू?"

मी त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण आमच्या मुलीपेक्षाही लहान. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "कॉफी किती घेता?"

"नेहमीचीच."

"बारा-चौदा कप," मी म्हटलं.

ती दचकली नाही. तिच्या टेबलावरही कप होताच. "कॉफी रक्तातून काढून टाकायचं काम यकृताचं," ती म्हणाली. "सिगारेटच्या धुरामुळे तुमचं यकृत पाठीवर चाबूक असल्यासारखं पळत होतं. तीनेक तासांत निम्मी कॉफी साफ. धूर थांबला, यकृत आपल्या चालीवर आलं. आता पाच-सहा तास लागतात. सकाळची उतरायच्या आत दुपारची चढते. कप तेवढेच आहेत, पण रक्तात जवळजवळ दुप्पट कॉफी आहे."

"म्हणजे सिगारेटमुळे माझं यकृत कामसू होतं?" हे त्याने इतक्या आशेने विचारलं की मी त्याला चिमटा काढला.

"कप निम्मे करा," डॉक्टरीण म्हणाली.

"कोणाच्या घरी नको म्हणू?" परतताना ताउनो पुटपुटला. बर्फाने निसरड्या छपरावर बिनधास्त चालणारा हा वीर, एका किटलीपुढे त्याचे पाय लटपटतात!

सोमवारी शिडी धरायच्या निमित्ताने मी बरोबर गेले. पहिलं घर रस्त्याच्या टोकाचं, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या इम्पीआजीचं. टेबलावर वेलदोड्याचा गोड पाव, तिघांचे कप. ताउनो थरथरत वर गेला, थरथरत खाली आला. त्याच्या खिशात काहीतरी चौकोनी होतं. ते काय, हे कळण्याइतका संसार मी केलाय.

आजीने किटली उचलली. ताउनोचे कान लाल झाले. "आजी, मला... कॉफी नको. डॉक्टरांनी..."

आजीने किटली खाली ठेवली. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"अरे मेल्या, आधी नाही का सांगायचं?" आजी म्हणाली आणि तिने आपला कप पुढे सरकवला. आत नुसतं गरम पाणी. "माझी चार वर्षांपूर्वीच बंद झाली. हृदयासाठी. तू कधी माझ्या कपात डोकावलास का?"

"मग ही कॉफी?"

"तुझ्यासाठी करते. वर्षातनं एकदा येतोस. कॉफी नसती तर बसला असतास? धुराडं झालं की शिडी उचलून चालता झाला असतास."

ताउनो खुर्ची ओढून बसला. "मलाही पाणीच ओत," तो म्हणाला. त्याच्या वाटची कॉफी मी प्यायले. कुणीतरी घराची अब्रू राखायला हवी होती.

तासभर बसलो. मग आजीने पाण्याचं भांडं उचललं. "अजून एक?"

दुसरा कप आमच्याकडे कुणी नाकारत नाही. ताउनोने कप पुढे केला.

निघण्याआधी धूर नीट वर ओढला जातोय का ते बघायला त्याने चूल पेटवली, आणि सरपणामागोमाग खिशातलं सिगारेटचं न फोडलेलं पाकीटही आत टाकलं.

"अरे, अरे!" आजी ओरडली. "आत्ताच साफ केलंस ना!"