उकंडरावांचा हातगुण

१९ जानेवारी २०२४. कोमलच्या पोटी आजवर तीन लेकरं आली. हयात एकही नाही.

तिसरं गेलं ते नांदेडच्या मोठ्या रुग्णालयात, त्या सकाळी. कोमल तेव्हा बाळंतिणींच्या खोलीत होती आणि तिचा नवरा हरीश बाळापाशी. हरीशचे आजोबा उकंडराव खाली आवारात लिंबाखाली बसले होते. नातू जिना उतरताना दिसला. त्याच्या चालण्यातली सगळी घाई संपलेली होती. म्हाताऱ्याला विचारावं लागलं नाही. त्यांनी मान खाली घातली, तेव्हा मांडीवर पडलेले स्वतःचे हात त्यांना दिसले. याच हातांनी तीन दिवसांपूर्वी त्यांनी ते बाळ उकिरड्यावर ठेवलं होतं, ते जगावं म्हणून.

परक्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल. हिंगोलीजवळच्या नरसीच्या आसपासच्या गावांतल्या जुन्या माणसांना वाटणार नाही. ज्या बाईची लेकरं एकामागून एक दगावतात, तिचं पुढचं मूल जन्मताच फाटक्या धडुत्यात गुंडाळून, जुन्या सुपात घालून घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवायचं. हे सारं आईचं पहिलं दूध त्याच्या ओठाला लागायच्या आत. मग शेजारची एखादी बाई ते 'सापडलं' म्हणून उचलते, आणि आई पसाभर कोंडा देऊन आपलंच लेकरू तिच्याकडून विकत घेते. जे आईबापांनीच टाकून दिलं, त्याच्यावर मरण कशाला नजर ठेवील, एवढाच त्यामागचा विचार. असं जगलेल्या मुलाचं नाव उकंडा.

उकंडराव त्यांतलेच. निजामी संपल्यावर दोन-तीन वर्षांनी ते जन्मले. त्यांच्या आधीची चार भावंडं गेली होती. ते जगले, पण टाकलेल्या मुलासारखेच वाढले. आईने त्यांना चारचौघांत कधी मांडीवर घेतलं नाही. लाडाचं नाव नाही, गालाला तीट नाही, नवं टोपडं नाही. हाक मारायची तीही 'ए केर' अशी. मरणाला संशय येऊ नये म्हणून ती बाई शेवटपर्यंत सावध राहिली. लहानपणी त्यांना ते फार लागायचं. मोठेपणी त्यांनी स्वतःची समजूत घातली, की आपल्या जगण्याची ती किंमत होती आणि ती आईने भरली. या समजुतीच्या आधारानेच त्यांना आईवर माया करता आली.

नावापायी त्यांची थट्टा जन्मभर झाली. हिंगोलीच्या कचेरीत एका कारकुनाने त्यांना विचारलं होतं, "उकंडराव? आन् आडनाव काय, शेणखत?"

"व्हय साहेब," ते म्हणाले होते, "म्हणून तर आमचं पिकतं."

पिकत मात्र बेताचंच होतं. चार एकर जमीन, तीत हळद आणि सोयाबीन. गावच्या बैठकीत त्यांना कुणी पुढे बस म्हणत नसे. पण पस्तिशीत त्यांच्या वाट्याला एक मान आला. बाळ उकिरड्यावर ठेवायचं ते जिवंत उकंड्याच्या हातून ठेवावं, असं लोकांच्या मनाने घेतलं. जवळच्या गोरेगावाकडून त्यांना न्यायला जीप येऊ लागली. घरधनी पाय धुवायला पाणी पुढे करी. आपण ठेवलेली नऊ लेकरं, आणि नऊच्या नऊ जगली, असं ते सांगत. त्यांतलं एक आता जीप चालवतं, एक औंढ्याला पोलिसात आहे, हेही सांगत. 'म्हाताऱ्याला हातगुण हाय' असं लोक म्हणू लागले. सत्तरी ओलांडलेल्या माणसापाशी स्वतःची म्हणावी अशी तेवढीच मिळकत होती.

या मिळकतीला पहिला प्रश्न विचारला तो त्यांच्या नातीने. हरीशची धाकटी बहीण पुनम नांदेडला संख्याशास्त्र शिकते. दिवाळीला ती घरी आली होती. कोमलचा सातवा महिना सरत आला होता. तिची आधीची दोन लेकरं गेलेली, म्हणून घरात बोलणं फिरून फिरून तिथेच येई. ओसरीवर उकंडरावांनी पुन्हा एकदा आपली नऊ लेकरं सांगितली.

पुनम म्हणाली, "आबा, तुमच्या हाताला नावं ठेवत न्हाई मी. पण तुमाला बोलावतात कवा? तीन-चार गेल्यावरच ना?"

"मग पहिल्या खेपेलाच बोलावतील व्हय? उकिरड्याची काय हौस असती का कुणाला?"

"तेच सांगून राहिले. लागोपाठ तीन जाणं हे अगदी टोकाचं वाईट. टोकाच्या वाईटानंतर जे येतं ते बहुतेक वेळा त्याच्यापरीस बरंच असतं. ज्या साली आपलं सोयाबीन पार बुडालं, त्याच्या पुढल्या साली बरं आलं का न्हाई? मधी तुमी बांधावर नारळ फोडला. नाव नारळाचं झालं."

"आन् नारळ फोडलाच नसता तर?"

"तरी आलं असतं. दुसरं असं, तुमी लेकरं ठेवायला लागलाव त्याच सालांत गावाला सडक झाली, लसी आल्या, बाया दवाखान्यात बाळंत व्हाया लागल्या. लेकरू सुपानं जगलं का सुईनं, हे तुमी वेगळं काढणार कसं?"

उकंडरावांनी विचारलं, "म्हंजी म्या ठेवलं काय आन् न्हाई ठेवलं काय, लेकरू जगणारच व्हतं?"

"बहुतेक."

"मग माय, आपलं भांडण काहाचं? तूबी जगणार म्हणतीस, मीबी जगणारच म्हणतो!"

सगळे हसले. आतून कोमलच्या हसण्याचाही आवाज आला. वाद पुनमने जिंकला होता आणि हरल्याचं कुणालाच वाटलं नव्हतं. ही गोष्ट तिला तेव्हा खटकायला हवी होती. पण तीही हसली.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. अनेक घरांचा एकत्र विचार केला तर अतिदुर्दैवानंतर साधारण दैव परत येतं, आणि त्या परतण्याचं श्रेय मधल्या कोणत्याही उपचाराला सहज चिकटतं. मात्र हे खरं ठरतं ते दुर्दैव योगायोगाचं असेल तेवढंच. ज्या घरात दुर्दैवाला ठरलेलं कारण आहे आणि ते कारण जागचं हललेलं नाही, तिथे परतण्यासारखं काही नसतं. कोमलचं घर कोणत्या प्रकारचं, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

त्याचं उत्तर डिसेंबरात हिंगोलीच्या डॉक्टरांनी दिलं. कोमलचा रक्तगट निगेटिव्ह, हरीशचा पॉझिटिव्ह. पहिलं मूल माहेरी पायाळू आलं आणि जन्मतानाच गेलं. त्यानंतर तिला एक इंजेक्शन मिळायला हवं होतं, ते राहून गेलं. तेव्हापासून तिचं रक्त पोटातल्या लेकराच्या रक्ताला वैरी मानू लागलं. दुसरं मूल पिवळं पडून गेलं ते त्यामुळे. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "हे दर खेपेला वाढत जातं, कमी होत नाही. नववा महिना लागला की नांदेडला जाऊन राहा. बाळंतपण तिथेच करा. जन्मल्याबरोबर बाळाचं रक्त बदलावं लागेल."

कोमलने घरी येताच पिशवी भरली. पुनमला एवढंच कळवलं गेलं, की बाळंतपण नांदेडला आहे. संक्रांत तोंडावर आली तरी जाण्याचं निघेना, तेव्हा कोमल स्वतः उकंडरावांपुढे येऊन उभी राहिली. या घरात सून अशी समोर येऊन बोलत नाही.

"आबा, मला नांदेडला जाऊ द्या. डॉक्टर म्हणले, आता इथं थांबायचं न्हाई."

"जा की. म्या काहून अडवू? पण बाळंतपण इथल्या दवाखान्यात होऊ दे. लेकराला घडीभर आपल्या उकिरड्याला टेकवू, आन् तिथून थेट नांदेड. हरीश जीप तयार ठेवील. नांदेडात कुठला आलाय आपला उकिरडा?"

"आन् उशीर झाला तर?"

"पोरी, नऊ लेकरं ठेवलीत या हातानं. आन् आता तर पुनमबी जगतंच म्हणली. शिकलेली पोरगी हाय, ती काय खोटं बोलंल?"

कोमलने हरीशकडे पाहिलं. हरीश डॉक्टरांपुढे बसलेला होता. त्याने सगळं ऐकलेलं होतं. पण आजोबांचा हात आणि बहिणीचं शिक्षण ही दोन्ही एकाच बाजूला उभी राहिल्यावर त्याला तिसऱ्याचं ऐकण्याची गरज उरली नाही. "दोघंबी बराबर तेच म्हणून राहिलेत," तो म्हणाला. "उगं भिऊन काय व्हतंय?"

"मला काय वाटतं ते कुणी इचारणार हाय का?"

हरीशने तिला चहा टाकायला सांगितलं.

सोळा तारखेला दुपारच्या आत ती जवळच्या आरोग्य केंद्रात बाळंत झाली. मुलगा झाला. तिथल्या परिचारिकेने बाळाला उजेडात धरलं आणि ती म्हणाली, "आत्ताच पिवळसर आहे. अँब्युलन्स बोलावते. थांबू नका." हरीश म्हणाला, आपली जीप आहे. परिचारिकेने दोनदा बजावलं आणि त्याने दोनदा मान डोलावली. गाव नांदेडच्या वाटेवरच होतं.

उकिरड्यापाशी शेजारच्या नीलाबाई वाट बघत उभ्या होत्या. उकंडरावांनी सूप टेकवलं आणि रीतीप्रमाणे पाठ फिरवली. नीलाबाई ओरडल्या, "अगं बया, कुणी टाकलं गं हे काळं बेंद्रं?" बाळ रडलं. रडणं चांगलं खणखणीत होतं. कोंडा घेऊन जीपमध्ये बसलेल्या कोमलने ते ऐकलं आणि ती म्हणाली, "झालं ना? चला आता."

विधीला खरोखरच फार वेळ लागला नव्हता. वेळ गेला तो त्यानंतर. बाळ ठेवलं गेलं आणि घरातल्या सगळ्यांच्या मनावरचा भार उतरला. ओठ लाल दिसतात, म्हणाले. अंगावर नीट पितंय, म्हणाले. ओल्या बाळंतिणीला एवढ्या थंडीवाऱ्यात कशाला न्यायचं, सकाळी ऊन पडल्यावर निघू, म्हणाले. कोमल एकटीच "चला ना, चला ना" करीत राहिली. सकाळी बाळाच्या तळपायापर्यंत पिवळेपणा उतरला होता आणि ते दूध ओढत नव्हतं. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासून एकच प्रश्न केला, "काल कुठे होता?"

दुखवट्यात पुनम आली. ती कुणाच्या गळ्यात पडून रडली नाही. उकंडरावांपाशी ओसरीवर बसली आणि म्हणाली, "आबा, तुमी ठेवलेलं एकबी लेकरू कवाच गेलं न्हाई?"

"नऊ ठेवली, नऊ जगली."

नीलाबाई खांबाशी टेकून बसल्या होत्या. "आन् आमच्या गोदीचं?" त्या म्हणाल्या. "तुमीच ठेवलं व्हतं की. आठ दिसांत गेलं."

"ते धरत न्हाईत. गोदीनं आधीच अंगावर घेतलं व्हतं त्याला. ठेवणं बराबर झालं न्हाई."

"आन् वाडीच्या पाटलाचं?"

"तिथं सूप नवं व्हतं."

नीलाबाई करवादल्या, "म्हंजी जगलं ते तुमच्या हातानं आन् गेलं ते सुपानं! चांगला हाय तुमचा कारभार."

कुणी हसलं नाही. उकंडराव खोटं बोलत नव्हते. मेलेल्या लेकराचं ठेवणं कुठेतरी चुकलेलंच असणार, असं ते मनापासून मानत आले होते. त्यामुळे मेलेलं एकही लेकरू त्यांच्या मोजणीत कधी शिरलंच नव्हतं. आताही त्यांचं मन शोधू लागलं होतं, की कोमलच्या वेळी काय चुकलं: धडुतं धुतलेलं होतं का, पाठ फिरवताना आपण मागे पाहिलं का. शोधता शोधता आपण काय करतोय ते त्यांचं त्यांनाच दिसलं आणि त्यांनी डोळे मिटले.

पुनम खाली बघत म्हणाली, "मी तरी काय केलं? सगळ्या बायांचं मिळून सांगितलं. वहिनीचं असं काहीच सांगितलं न्हाई. दिवाळीला तुमी ते तिच्यावर लावलं, तवा मी समोरच होते, हसून राहिले."

"तू म्हणली ते खरं हाय का पण?" त्यांनी विचारलं. "माझ्या मायनं मला टाकलं नसतं, तरी मी जगलो असतो?"

पुनमने मान वर केली. "बहुतेक, आबा."

म्हातारा उठून गोठ्याकडे गेला. जन्मभर एक बाई आपल्या एकुलत्या लेकराला जवळ न घेता राहिली, आणि ते लेकरू तिच्याविना वाढलं, यातल्या कशाचीच गरज नव्हती, असा त्या एका शब्दाचा अर्थ होता. तो पेलायला त्यांच्यापाशी दुसरी कोणतीही समजूत शिल्लक नव्हती. ज्या माणसाचा जगण्याचा आधार आणि ज्याची चूक एकाच जागी रुतलेली असते, त्याला चूक उपसून काढ म्हणणं सोपं आहे. परंतु त्याच्या या अवघडपणाची किंमत त्याने भरली नाही. ती दुसऱ्याच कुणी भरली, हेही विसरता येत नाही.

कोमल औंढ्याजवळ माहेरी गेली ती परत आली नाही. चैत्रात उकंडराव एसटीने तिकडे गेले. तिने पाण्याचा तांब्या आणून दिला आणि दारात उभी राहिली. उन्हाचं, हळद शिजवण्याचं, हरीशच्या तब्येतीचं बोलणं झालं. मग तिने विचारलं, "आबा, आता तरी तुमाला वाटतं का, मला नांदेडला जाऊ द्यायला पायजे व्हतं?"

'आमचं चुकलं' म्हणण्यासाठीच ते एवढे लांब आले होते. "देवाच्या मनात न्हवतं, माय," ते म्हणाले.

कोमल आत गेली. ती पुन्हा बाहेर येईल म्हणून ते बराच वेळ बसले आणि मग फाट्याकडे चालू लागले.

हरीशने तिला नंतर कितीदा तरी फोन केले, ते परत ये म्हणण्यासाठी. पुनमला आपली चूक कळली आहे, पण ती तिने आजोबांपाशी बोलून दाखवली, वहिनीपाशी नाही. आमचं चुकलं, तुझं बरोबर होतं, हे त्या घरातल्या कुणीही कोमलला अजून सांगितलेलं नाही. तेवढं देणं बाकी आहे.