शकुबाईला ऐकू आलेलं गाणं

देवळीच्या जिनिंगमध्ये रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस घालणाऱ्या बाया एकमेकींशी ओठांनीच बोलायच्या. दोन डझन रेचे एकदम सुरू झाले की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी उपयोग नसायचा. म्हणून ओठ बघायचे, हात बघायचे, आणि काही कळलं नाही तर मान हलवून मोकळं व्हायचं. शकुबाई तिथं एकोणिसाव्या वर्षी लागली आणि दोन-तीन हंगामांत हे सगळं शिकली. पुढे कानांनीच काम सोडलं तेव्हा तिला हीच विद्या उपयोगी पडली.

तिचा नवरा तानबा त्याच जिनिंगमध्ये रेचे फिरवणाऱ्या शाफ्टला तेल द्यायचा. चौऱ्याहत्तर सालच्या पौषात त्याच्या धोतराचा सोगा पट्ट्यात गेला. तो ओरडला असणारच. असा कोण माणूस आहे जो तेव्हा ओरडणार नाही? पण शकुबाई त्याच्यापासून तीस हातांवर पाठमोरी बसून कापूस घालत होती आणि तिला काहीएक ऐकू आलं नाही. रेचे अचानक थांबले तेव्हा ती वैतागलीच, की आता कुठं बिघडलं, आता जेवणाची सुटी लांबणार. मग तिनं मागं वळून पाहिलं. नवरा मरत होता आणि आपण भाकरीचा विचार केला, हे तिनं जन्मात कोणाला सांगितलं नाही.

तेरवी झाली आणि चौदाव्या दिवशी ती पुन्हा त्याच रेच्यावर जाऊन बसली. लोकांनी नावं ठेवली. नावं ठेवणाऱ्यांपैकी कोणी शेरभर ज्वारी आणून दिली नाही, हेही खरं. मूलबाळ नव्हतं. धाकटा भाऊ हरिदास तिला आपल्या घरी घेऊन आला.

पुढच्या दहा वर्षांत कान गेले. आधी चिमण्या गेल्या, मग बांगड्यांची किणकिण, मग भावजयीचं बोलणं, आणि शेवटी मारुतीच्या देवळातलं भजन. उरली ती डोक्यातली शिट्टी, दिवसरात्र चालू. बहिऱ्या बाईला मुकादम रेच्यावर बसू देत नसे, भोंगा ऐकू यायला पाहिजे म्हणून. शकुबाई शेजारणीचे हात थांबले की आपलेही थांबवायची. कोणी काही विचारलं की मान हलवायची. जिनिंगच्या सगळ्याच बाया थोडं कमी ऐकायच्या, त्यात हिचं ठार बहिरेपण खपून गेलं. फक्त हरिदासला आणि त्याच्या बायकोला, कोकिळाला, ते ठाऊक होतं.

हरिदासचा धंदा लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा. कोऱ्या कॅसेटी महाग, म्हणून तो नागपूरहून जुन्या भरलेल्या कॅसेटी पोत्यानं आणायचा, पुन्हा भरता यावं म्हणून मागच्या खाचेवर चिकटपट्टी लावायचा आणि वरून भजनं भरायचा. पुसण्याआधी प्रत्येक कॅसेट मोठ्या बॉक्सवर वाजवून बघायची त्याला हौस होती. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात जिनिंग बंद होतं आणि शकुबाई मागच्या आवारात तूर पाखडत बसली होती, तेव्हा त्यानं लेबल फाटलेली एक कॅसेट लावली.

बकरी दावं तोडून पळाली. कोकिळा पिठाच्या हातांनी बाहेर धावत आली.

"बंद करा ना जी ते! छातीत धडधड होऊन राह्यलं माह्या!"

"हे काय गानं हाय?" हरिदास हसून म्हणाला. "लग्नात लावलं तं वरात वापस जाईन."

तो बटणाकडे हात नेतो न नेतो तोच शकुबाईनं येऊन त्याचं मनगट धरलं. हातात सूप तसंच होतं, तूर अंगणभर सांडलेली.

"हे काय वाजून राह्यलं रे?"

हरिदास तिच्याकडे बघतच राहिला. "तुले ऐकू येऊन राह्यलं, बाई?"

तिनं बॉक्सच्या लाकडावर तळहात ठेवला आणि खाली बसली.

आता ते गाणं कोणाला आवडावं असं नव्हतंच. वर्ध्याच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्यानं हरिदासला सांगितलं, याला हेवी मेटल म्हणतात, साहेबांच्या देशातली पोरं यावर डोकी झटकत नाचतात, तू आपला पुसून टाक. त्याचंही चूक नव्हतं. गाण्यानं माणसाला जरा टेकायला जागा द्यावी अशी आपली अपेक्षा असते. यात दोन आवाजांमध्ये श्वास घ्यायला फट नव्हती. गाणारा गळा फाटेस्तोवर किंचाळायचा, शब्द परके. ज्याचे कान धड आहेत त्याला तो सगळा गोंगाट एकदम अंगावर यायचा.

शकुबाईच्या कानांत त्यातलं निम्मंच शिरत होतं. पण जे शिरत होतं ते तिच्या ओळखीचं होतं. खाली घरघरणारे रेचे होते, त्यांच्याखाली शाफ्टचे ठोके होते, हाडांत बसलेले. आणि त्या सगळ्या यंत्रांच्या वर एक माणूस ओरडत होता, आणि तो ऐकू येत होता. चोवीस रेचे फिरत असताना ऐकू येत होता! कान होते तोवर भजनात तिला वर्षानुवर्षं सांगितलं गेलं होतं की देवानं केलं ते बरं केलं, सोस. हा माणूस काही सोसत नव्हता. तो भयंकर चिडला होता. शकुबाईही चिडलेली होती, फक्त बाईनं कुठं ओरडायचं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तानबा असाच ओरडला असेल, असं तिच्या मनात आलं आणि ती बॉक्सला डोकं लावून रडली. दुःख होतंच, पण खरं सांगायचं तर तिला फार बरं वाटलं.

मग रोज दुपारी तेच. कोकिळा कंटाळली, शेजारीपाजारी बोलायला लागले. शेवटी हरिदास म्हणाला, "मंगळवारी सप्त्याची भजनं भरतो त्यात. आता पुरे झालं, बाई."

त्या मंगळवारी ती शेवटचं ऐकायला बसली. अंबाडा सुटला, मान झुलायला लागली, तिला भान राहिलं नाही. कुडावरून शेजारच्या अनुसयाबाईनं पाहिलं आणि हळदकुंकवाचा करंडा घेऊन ती धावतच आली. शकुबाईनं डोळे उघडले तेव्हा कपाळभर कुंकू होतं, समोर चार बाया हात जोडून उभ्या होत्या आणि त्यांच्या ओठांवर एकच शब्द दिसत होता. देवी.

तिथंच तिला सांगता आलं असतं. पण तिनं हरिदासकडे पाहिलं. त्याच्या हातात चिकटपट्टी होती. देवी आली तर कॅसेट कोण पुसेल? शकुबाईनं डोळे फिरवले आणि आणखी जोरात घुमायला लागली. हे तिचं पाप, आणि ते तिनं कधी दुसऱ्यावर ढकललं नाही.

दर मंगळवारी बाया जमायला लागल्या. देवीला इंग्रजी गाणं लागतं याचं कोणालाही नवल वाटलं नाही. जागृत देवी, तिला सगळ्या भाषा येणारच. बाया कानाशी वाकून प्रश्न विचारायच्या. कानाशी वाकल्या की ओठ दिसत नसत, त्यामुळे शकुबाईला ओ की ठो कळत नसे. ती मनाला येईल तशी मान हलवायची. कोणाची हरवलेली म्हैस सापडली, कोणाच्या पोरीचं जमलं. जे चुकलं ते बाया आपापल्या नशिबावर घालत होत्या.

ज्येष्ठात कमलाबाई आली. दोन घरं पलीकडची, विशीतली पोर. मांडीवर दीड वर्षाचा मुलगा होता, हगवणीनं वाळलेला, डोळे खोल गेलेले. ती वाकून कानाशी काहीतरी बोलली, पुन्हा बोलली. बॉक्समधला माणूस नेमका तेव्हा ओरडत होता आणि शकुबाईचं सगळं लक्ष तिकडं होतं. पोर बरं होईल ना, असं विचारत असेल, असं समजून तिनं मान हलवली, हो. मनापासून हलवली. कमलाबाईनं पोराच्या कपाळाला अंगारा लावला आणि डोळे पुसत हलक्या मनानं घरी गेली.

शुक्रवारी पोर गेलं.

अनुसयाबाईनं ते शकुबाईला तोंडासमोर उभं राहून सांगितलं, जिनिंगमधल्या सवयीनं ओठ ताणून, एकेक शब्द. "देवीनं सांगतलं, तरी नाई वाचलं माय. कमलीनं विचारलं होतं ना, दवाखान्यात नाई नेत, घरीच ठेवतो, चालते का म्हनून. तू हो म्हनलं."

शकुबाई तशीच उठून कमलाबाईच्या घरी गेली. कमला चुलीजवळ बसली होती. आतल्या खोलीत तिच्या सासूला, यशोदाबाईला, रडून रडून झोप लागली होती.

"कमले, मले ऐकू येत नाई," शकुबाई म्हणाली. आपला आवाज किती मोठा निघतो हे तिला कळत नव्हतं. "देवी-गिवी काई नाई. तू काय विचारलं ते मले समजलंच नाई. मी उगीच मान..."

कमलानं झडप घालून तिचं तोंड दाबलं. आतल्या दाराकडे पाहिलं; सासू उठली नव्हती. मग शकुबाईचा चेहरा आपल्याकडे वळवून ती आवाज न काढता बोलली, फक्त ओठ हलवून.

"नवरा बैल जुंपून उभा होता. दवाखान्यात नेतो म्हने. म्याच अडवलं. देवी हो म्हनते म्हनलं. आता देवी नाई म्हनशीन तं मले हाकलून देतीन." आणि तिनं शकुबाईच्या पायावर डोकं ठेवलं.

शकुबाई घरी आली. पुढच्या मंगळवारी बाया आल्या तेव्हा तिनं बॉक्सवर हात ठेवला. रेचे होते, शाफ्टचे ठोके होते, ओरडणारा माणूसही होता. पण तो तानबा नव्हता. कोणीतरी परका माणूस उगीच घसा फोडत होता आणि तिच्या छातीत धडधड होत होती. बंद कर, असं तिला हरिदासला सांगावंसं वाटलं. ते कसं सांगणार? देवी उठून गेली तर कमलाचं काय? ती बसून राहिली.

त्या दिवसापासून तिनं मान हलवणं सोडलं. कोणी कानाशी वाकलं की ती मोठ्यानं एवढंच म्हणायची, "दवाखान्यात ने." कोणी गाईचं विचारो, सुनेचं विचारो, शिवेच्या भांडणाचं विचारो, उत्तर तेच. बाया गोंधळल्या. काही हसल्या, काही यायच्या थांबल्या. काहींनी मात्र तापलेली पोरं खरंच उचलून नेली, आणि त्यांतली बरीच बरी झाली. शकुबाईला त्याचा आनंद झाला नाही. पावसाळा गेला, कापूस आला, ती दिवसा रेच्यावर बसायची आणि मंगळवारी संध्याकाळी बॉक्सजवळ.

पुढच्या चैत्रात यशोदाबाई सुनेला घेऊन आली. सुनेची कूस पुन्हा उजवावी म्हणून खणानारळाचं ताट पुढं ठेवून ती शकुबाईच्या कानाशी वाकली आणि बराच वेळ काहीतरी विचारत राहिली. बॉक्स गरजत होता.

"दवाखान्यात ने," शकुबाई म्हणाली.

कमला समोर बसली होती, रिकाम्या मांडीवर हात ठेवून. शकुबाईची नजर आपल्या तोंडावर येईपर्यंत ती थांबली. मग नीट दिसावं म्हणून ओठ सावकाश हलवून तिनं विचारलं, "कोनाले?"